सह्याद्रीच्या दगडातलं होकायंत्र

पॅट्रिक ब्लॅकेट यांना सुरुवातीला खडकांशी काही कर्तव्य नव्हतं. १९४८चं नोबेल मिळवलेल्या या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाला वेगळंच कोडं पडलं होतं: जड वस्तू नुसती फिरत राहिली, तर तिच्यात चुंबकत्व येतं का? पृथ्वीबरोबर फिरणाऱ्या सोन्याच्या दंडगोलावर हे तपासायचं, म्हणून त्यांनी बँक ऑफ इंग्लंडकडून पंधरा किलोंवर सोनं उसनं आणलं आणि अतिशय संवेदनशील चुंबकमापक घडवला. १९५२मध्ये नकारार्थी निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सोनं परत गेलं, यंत्र मात्र दगडांच्या कामी आलं.

तापलेला लाव्हा निवू लागला, की सुमारे ५८० अंश सेल्सियसच्या खाली त्यातले मॅग्नेटाइटचे कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची तिथली, त्या वेळची दिशा धरतात आणि सोडत नाहीत. मोकळी टांगलेली चुंबकसूची विषुववृत्ताजवळ आडवी राहते, ध्रुवाकडे जावं तशी कलत जाते. म्हणून दगडातला कल मोजला, की तो कोणत्या अक्षांशावर थिजला ते कळतं. अट एवढीच, की फोडण्याआधी त्यावर उत्तर दिशा आणि आडवी पातळी आखून घ्यायची.

केंब्रिजमधला विद्यार्थी टेड आयर्विंग याने दख्खनच्या काळ्या पाषाणाचे मोजके नमुने मिळवले. खंड जागचे सरकत जातात, हा वेगेनर या शास्त्रज्ञाचा खंडवहनाचा सिद्धांत तेव्हा बहुतेक भूशास्त्रज्ञांना मान्य नव्हता. या दगडांतला कल मात्र दक्षिण गोलार्धातला निघाला! ज्या भूमीवर रायगड, राजगड उभे आहेत, ती विषुववृत्त ओलांडून आली होती. १९५४मध्ये केंब्रिजने आयर्विंगचा प्रबंध नाकारला. एवढ्या मोलाच्या कामाची ती उपेक्षाच म्हणायची.

पण मोजमापं थांबली नाहीत. १९५६मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजातल्या जॉन क्लेग यांच्या गटाने भारतीय खडकांवरचे निष्कर्ष छापले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सी. राधाकृष्णमूर्ती आणि पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे याच कामाला लागले. लाव्हा ओतला गेला तेव्हा दख्खन विषुववृत्ताच्या दक्षिणेला तीसेक अंशांवर होतं, असं आज मानलं जातं. म्हणजे प्रवास पाच हजार किलोमीटरांच्या घरातला.

याच दगडांतून काळही उलगडतो. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून उलटतात. फ्रान्सच्या बर्नार ब्र्यून यांना उलट्या दिशेचा खडक विसाव्या शतकाच्या आरंभीच सापडला होता. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर चढताना खालचे थर उलट्या दिशेचे लागतात, माथ्याकडचे सुलट्या. अरगॉन वायूवरून काढलेल्या वयाशी हा पालट जुळवला, की तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांमागे, डायनोसॉर नाहीसे झाल्यानंतर थोड्याच काळात झाल्याचं दिसतं.