निवृत्तिनाथ रडले तेव्हा

आळंदीचा तो दिवस तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. शके १२१८, कार्तिक वद्य त्रयोदशी. इंग्रजी सन १२९६. ज्ञानोबारायांचे वय अवघे एकवीस. सिद्धेश्वराजवळ जागा झाडून तयार, संतमंडळी जमलेली, आणि जाणारा मात्र शांत. ती शांती आम्ही कीर्तनकार फार रंगवून सांगतो. आज मला मागे राहिलेल्यांकडे बघायचे आहे.

त्यांची हकिकत नामदेवरायांच्या नावावरच्या समाधीच्या अभंगांत आहे. यातले काही अभंग मागाहून झालेल्या दुसऱ्या नामदेवाचे असावेत, असे अभ्यासक म्हणतात. असतील बापडे. पण वारकऱ्यांनी ते शतकानुशतके जपले, म्हणजे त्यांना ते पटले, एवढे तरी खरे ना? त्या अभंगांत समाधीला शिळा लावणारे निवृत्तिनाथ आहेत. थोरले बंधू, आणि गुरूही तेच. ज्यांनी ज्ञानोबांना ज्ञान दिले, तेच रडतात! आणि म्हणतात काय, तर आईबाप आम्हाला सोडून गेले तेव्हासुद्धा एवढे संकट वाटले नव्हते.

इथे जरा थांबा, माउली. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, तेव्हा निवृत्ती केवढा होता? पोरच. पाठीवर तिघे, त्यात मुक्ताई तर अगदी चिमुरडी. वर गावाने वाळीत टाकलेले. भिक्षा कोण मागणार, धाकटीला कोण निजवणार? त्या पोराला रडायला सवड कुणी दिली हो? मला आपले वाटते, तेव्हाचे राहिलेले रडणे आळंदीला बाहेर आले. एका दुःखात दोन दुःखे.

हे मला आधी कधी उमगले नव्हते. एका गावी दहाव्याला गेलो होतो. बाप गेलेला. नदीकाठी पिंड ठेवले, कावळा काही शिवेना. थोरला मुलगा मुंडण करून उभा, मिसरूड नुकते फुटलेले. जो येई तो सांगे, "तू रडू नकोस, तूच खचलास तर धाकट्यांनी कुणाकडे बघायचे?" मीही तेच म्हणालो. वर आत्मा अमर आहे, हेही ऐकवले. पोराने मान हलवली. दोन वर्षांनी त्याच्या आईने मला वारीत गाठले. म्हणाली, "महाराज, तो अजून रडला नाही. धड बोलतसुद्धा नाही." काय सांगणार मी तिला?

निवृत्तिनाथांना त्या मंडळींनी एकटे सोडले नाही, हे मात्र बघा. मार्गशीर्षात सोपानकाका सासवडला गेले, वैशाखात मुक्ताई तापीकाठी, ज्येष्ठात स्वतः निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी. सात-आठ महिन्यांत चौघेही गेले. परंपरा सांगते, नामदेवराय आणि संत प्रत्येक ठिकाणी सोबत होते. कऱ्हाकाठ कुठे, तापी कुठे, त्र्यंबक कुठे! पायी चालत गेले. नामदेवरायांचे तेव्हा वय सव्वीस. पुढे ते १३५० पर्यंत राहिले, म्हणजे चोपन्न वर्षे. पंजाबात नाम नेले, तेही यानंतरच.

आजही कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत समाधीपाशी नामदास घराण्याचे, म्हणजे नामदेवरायांच्या वंशजांचे, कीर्तन होते. सातशे वर्षे उलटली, तरी माणसे त्या कीर्तनात ढसाढसा रडतात. कुणी कुणाला गप्प करीत नाही.

गेल्या कार्तिकात त्या माउलीला निरोप धाडला, पोराला घेऊन या. आले दोघे. कीर्तन संपले, घंटा झाली, फुले पडली. मंडप रिकामा होत आला, तरी तो खांबाला टेकून बसूनच होता. मी जाऊन शेजारी बसलो. या खेपेला काही बोललो नाही.