उलट्या आकड्याची रेघ

रक्ताच्या रिपोर्टात ‘क्रिएटिनिन’ छापून येते, ते मोजण्याची रीत सापडली लघवीत. १८८६ साली क्योनिग्सबर्गचा माक्स याफे पिक्रिक आम्लाने लघवीत बसणारा साका तपासत होता. अल्कली घातल्यावर क्रिएटिनिनमुळे द्रव नारिंगी-लाल झाला. पुढे ओटो फोलिनने या रंगावरून मोजमाप बसवले.

पण एकट्या आकड्यावरून पुढचे कळत नाही. १९७६ साली मिच, वॉल्सर व सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये साधी युक्ती मांडली: एकाला क्रिएटिनिनने भागा, उत्तरे तारखांनुसार आलेखावर मांडा. बहुतेक जुनाट रुग्णांत सरळ उतरती रेघ मिळते; ती पुढे वाढवली की डायलिसिसची वेळ अंदाजता येते. या हिशेबाने २ चे ४ व्हायला दोन वर्षे लागली, तर ४ चे ८ एकाच वर्षात होतात. घरचे म्हणतात, ‘अचानक बिघडलं’. मूत्रपिंड मात्र पूर्वीच्याच चालीने खंगत असते. जुने रिपोर्ट रद्दीत घालणाऱ्यांचा मला राग येतो, तो यामुळे.

रेघेलाही खोट आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून येते. माणूस वाळत गेला की आकडा खोटा दिलासा देतो. लुंडच्या संशोधकांनी १९८५ साली पुढे आणलेले सिस्टॅटिन-सी स्नायूंवर फारसे अवलंबून नाही. नेहमीच्या तपासणीत मात्र अजून क्रिएटिनिनच असते.