हॉइल यांची पातळी आणि चार नावे

जयंत नारळीकरांमुळे त्यांचे केंब्रिजमधील गुरू फ्रेड हॉइल यांचे नाव मराठी वाचकाला परके राहिलेले नाही. हॉइल यांच्याविषयी एक कथा नेहमी सांगितली जाते. माणूस आहे, म्हणजे कार्बन आहे. कार्बन आहे, म्हणजे त्याच्या अणुकेंद्रकात एक विशिष्ट ऊर्जापातळी असलीच पाहिजे. हॉइल असे म्हणाले आणि ती सापडली! आम्हां साहित्याच्या अध्यापकांना अशा कथांचा मोह असतो. पण या कथेत प्रयोगशाळा जवळजवळ नाहीच, हे आम्हांला खटकते.

अडचण खरी होती. ताऱ्याच्या गर्भात हेलियमची दोन केंद्रके जुळली की बेरिलियम-८ तयार होते. ते सेकंदाच्या अब्जांशाच्या कोट्यंशाएवढेच टिकते. तेवढ्यात तिसरे हेलियम येऊन मिळाले, तरच कार्बन. हा मार्ग एडविन साल्पीटर यांनी १९५२ मध्ये मांडला होता. हॉइल यांच्या गणितात मात्र असा कार्बन पुरेसा उरत नव्हता. बहुतेक सारा पुढे ऑक्सिजन होऊन जात होता. कार्बन-१२ला सुमारे ७.६८ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टवर उत्तेजित पातळी असेल, तरच हिशेब जमत होता. अशा पातळीच्या खुणा आधीच्या काही प्रयोगांत दिसल्या होत्या, पण त्यांविषयी एकमत नव्हते.

१९५३ मध्ये पॅसाडेना येथील कॅलटेकच्या केलॉग प्रयोगशाळेत वॉर्ड व्हेलिंग आणि सहकाऱ्यांनी नायट्रोजनवर ड्युटेरॉनांचा मारा केला. या अभिक्रियेत कार्बन-१२ आणि एक अल्फा कण निर्माण होतो. अल्फा जेवढी ऊर्जा कमी घेऊन निघतो, तेवढी कार्बनपाशी राहिलेली असते. चुंबकीय क्षेत्रात कणांचे मार्ग वाकवून ही तूट मोजायची, एवढेच काम; पण ते किती चिकाटीचे! पातळी ७.६८ वरच मिळाली. (आजचा आकडा ७.६५.) हीच पातळी तीन अल्फा कणांत फुटते, हे १९५७ मध्ये फाउलर, कुक आणि लॉरिट्सन पितापुत्रांनी दाखवले.

आणि माणसाच्या अस्तित्वाचे काय? १९५३ मध्ये त्याचा उल्लेख नव्हता. तो दुवा कथेत फार नंतर जोडला गेला, असे विज्ञानेतिहासकार हेल्गे क्राग यांनी २०१० मध्ये दाखवून दिले. १९८३ चे नोबेल फाउलरना मिळाले, हॉइल वगळले गेले. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते रास्तच. व्हेलिंग यांच्याविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. मूळ शोधनिबंधावर चार नावे आहेत : डनबार, पिक्सली, वेन्झेल, व्हेलिंग. हॉइल यांचे त्यात आभार मानलेले आहेत. पातळीला आज हॉइल यांचे नाव आहे.