सहा इंचांचा निरोप

सिंगापूरला येणाऱ्या पाहुण्यांचा कार्यक्रम आता मला पाठ झाला आहे. सेंटोसा, नाइट सफारी, मुस्तफामधली खरेदी आणि परत जाताना विमानतळावरचा तो प्रचंड धबधबा. चांगी म्हणजे विमानतळ, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. पीएचडीसाठी इथे आलो तेव्हा पहिली काही वर्षं मलाही तेवढंच माहीत होतं. त्याच विमानतळापासून टॅक्सीनं दहा-पंधरा मिनिटांवर एक जुनी करडी भिंत उभी आहे. साधारण 180 मीटर लांब, दोन बुरूज आणि एक लोखंडी दरवाजा. आतला जुना तुरुंग 2004 च्या सुमारास पाडला, नवा बांधला, आणि उरलेल्या भिंतीला 2016 मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. पाहुण्यांना मी एकदा हौसेनं तिथे नेलं होतं. "यात काय बघायचं?" असं कोणी तोंडावर म्हटलं नाही, पण टॅक्सी लगेच वळवावी लागली.

मंडळी, आज त्या भिंतीच्या आत शिवलेल्या गोधड्यांबद्दल लिहायचं आहे. खरं तर त्यांना क्विल्ट म्हणायला हवं. आपली गोधडी म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर आणि त्यांवरून एकसारखा धावदोरा. या म्हणजे कापडाचे चौकोन जोडून केलेल्या चादरी. पण जुन्या कापडातून घरच्या माणसासाठी ऊब करायची, हे दोन्हींत सारखंच. तेव्हा गोधडीच म्हणतो. शेवटी माझ्या आईची एक खरीखुरी गोधडीही येणार आहे.

आधी थोडा इतिहास. 15 फेब्रुवारी 1942 ला इंग्रजांनी सिंगापूर जपान्यांच्या स्वाधीन केलं. यानंतर दोनच दिवसांनी फॅरर पार्कवर हिंदी सैनिकांना वेगळं काढलं गेलं आणि तिथून पुढे आझाद हिंद सेनेची गोष्ट सुरू झाली, तो भाग आपल्याला शाळेपासून थोडाफार ठाऊक असतो. इंग्रज आणि ऑस्ट्रेलियन सैनिकांना, म्हणजे सुमारे 50 हजार माणसांना, चांगी भागातल्या लष्करी बराकींत कोंडलं. राहिले गोरे नागरिक: मळेवाले, कारकून, डॉक्टर, नर्स, शिक्षिका, त्यांच्या बायका आणि मुलं. 8 मार्चला बायकामुलांना काटोंगहून चांगीच्या तुरुंगापर्यंत उन्हातून चालवत नेलं. इथलं मार्चमधलं ऊन काय असतं ते मी सांगू शकतो; सकाळी दहा वाजता बसथांब्यापर्यंत जाताना शर्ट पाठीला चिकटतो.

हा तुरुंग 1936 चा, जेमतेम 600 कैद्यांसाठी बांधलेला. त्यात पुरुष आणि बायका मिळून दोन हजारांच्या वर माणसं भरली. सुमारे 400 बायका आणि मुलं एका भागात, नागरिक पुरुष दुसऱ्या भागात. मध्ये भिंत. ज्या बायकांचे नवरे सैन्यात होते ते तर त्याहून लांब, बराकींत. पत्र नाही, भेट नाही. हे नुसत्या विरहाचं दुःख नव्हतं, हे लक्षात घ्यायला हवं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सिंगापूरहून बायकामुलं आणि नर्सेस घेऊन निघालेल्या बोटींवर बाँब पडले होते, कित्येक बोटी बुडाल्या होत्या. त्यामुळे बराकीतल्या एखाद्या कॅप्टनला आपली बायको बोटीत चढली की नाही, चढली असेल तर पोचली का, की समुद्राच्या तळाशी आहे, यातलं काहीच माहीत नव्हतं. आणि तिलाही त्याचं काही माहीत नव्हतं.

अशा वेळी एथेल मल्व्हेनी नावाच्या बाईंच्या डोक्यात कल्पना आली. या मूळच्या कॅनडातल्या, नवरा सैन्यात डॉक्टर आणि तोही कैदेत. बायकांच्या कॅम्पात रेडक्रॉसचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी जपान्यांकडे परवानगी मागितली, की बायका नुसत्या बसून आहेत, तर जखमी सैनिकांच्या इस्पितळासाठी गोधड्या शिवू द्या. तीन शिवू: एक इंग्रजांसाठी, एक ऑस्ट्रेलियनांसाठी आणि एक तुमच्या जखमी सैनिकांसाठी. परवानगी मिळाली.

मग प्रत्येकीला पांढऱ्या कापडाचा सहा इंचांचा एक चौकोन मिळाला. त्यावर स्वतःचं असं काहीतरी भरायचं आणि खाली आपलं नाव. बस्स, एवढीच सूचना. एका गोधडीत 66 चौकोन, तीन गोधड्यांचे मिळून 198.

आता यातली मेख बघा. गोधडी जाणार होती इस्पितळात, म्हणजे पुरुषांच्या कॅम्पात. पत्राला बंदी, पण चादरीला नाही. तिच्यावर 66 नावं. इस्पितळातल्या कोणी ती वाचली की बराकीत निरोप जाणार: अमक्याची बायको जिवंत आहे, चांगीच्या तुरुंगात आहे, आणि तिचा हात अजून इतका स्थिर आहे की तिनं सुईनं एवढं बारीक फूल भरलं आहे.

माझं काम सिग्नल प्रोसेसिंगचं. आमच्या शास्त्रात, क्लॉड शॅननच्या कृपेनं, संदेशात माहिती किती हे त्याच्या लांबीवर ठरत नाही; ऐकणाऱ्याला आधी किती अनिश्चितता होती आणि त्यातली किती मिटली, यावर ठरतं. हे वाक्य मी विद्यार्थ्यांना कित्येकदा सांगितलं असेल, नाणेफेकीची कंटाळवाणी उदाहरणं देऊन. सहा इंचांच्या चौकोनावरच्या एका नावाइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

या गोधड्यांमध्ये सांकेतिक खुणा होत्या, गुप्त भाषा होती, असं बरंच लिहिलं जातं. काही चौकोनांत घरच्या माणसालाच कळेल असं काही असणार, यात मला शंका नाही. पण हेरगिरीच्या रंगात हे सगळं रंगवलं की मूळ गोष्ट हातून सुटते असं मला वाटतं. बहुतेकींनी भरलं काय, तर फुलं, पक्षी, गावाकडचं घर, जहाज, तुरुंगाची भिंत. शीला ॲलन नावाची एक सतरा वर्षांची मुलगी होती. वडील ऑस्ट्रेलियन, आई इकडची. तिनं ऑस्ट्रेलियाचा नकाशा भरला. तो देश तिनं तोवर पाहिलाही नव्हता. तिचे वडील त्याच कैदेत होते आणि सुटकेला काही महिने उरले असताना, 1945 मध्ये, वारले. अशा चौकोनात गुप्त काय शोधायचं?

ऑस्ट्रेलियन गोधडीच्या मागच्या बाजूला एक मजकूर भरलेला आहे. जखमी सैनिकांना चांगीच्या बायकांकडून भेट, युद्ध संपल्यावर ही ऑस्ट्रेलियन रेडक्रॉसला द्यावी, अशा अर्थाचा. आणि त्याखाली, ही ड्रायक्लीन केलेली बरी! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्यानं हसलो. जेवायला धड नाही, भिंतीबाहेर लढाई चालू आहे, आणि बाईंना काळजी काय, तर कोणीतरी हे पाण्यात बुचकळेल. पण विचार केला तर त्या एका ओळीत केवढा भरवसा आहे. हे संपणार आहे, आणि संपल्यावर धोबीसुद्धा असणार आहे.

तिसऱ्या गोधडीबद्दल मात्र माझं मन अजून स्थिर नाही. सरळ हिशोब असा, की ती म्हणजे टपालखर्च. जपान्यांसाठी एक शिवली म्हणून बाकीच्या दोन बाहेर गेल्या. लाच म्हणा हवं तर. पण 66 चौकोन कोणीतरी प्रत्यक्ष बसून भरलेच ना? ज्यांनी आपल्याला कोंडलं, नवऱ्यापासून तोडलं, त्यांच्या जखमी पोरांसाठी फुलं भरताना त्या बायकांच्या मनात काय चालत असेल? राग? कंटाळा? की एकदा सुई हातात आली की टाका नीट पडला पाहिजे एवढंच? माझी बायको म्हणते, तिसरंच असणार. ती विणते, त्यामुळे या बाबतीत तिचं मत मी अंतिम धरतो. ऑस्ट्रेलियन आणि जपानी गोधडी आज कॅनबेराच्या युद्धस्मारकात आहेत, इंग्रजांची ब्रिटिश रेडक्रॉसकडे लंडनला.

मल्व्हेनीबाईंबद्दल थोडं अवांतर. पुढे उपासमार वाढली तेव्हा याच बाईंनी बायकांना गोळा करून खोट्याखोट्या मेजवान्या भरवल्या. ताटात काही नाही, प्रत्येकीनं आपल्याला येणारा पदार्थ तोंडानं सांगायचा. त्या पाककृती त्यांनी टिपून ठेवल्या आणि 1946 मध्ये टोरोंटोत छापून विकल्या. 20 हजार प्रती खपल्या. आलेले पैसे गेले कुठे, तर इंग्लंडच्या इस्पितळांत पडलेल्या जुन्या युद्धकैद्यांना खाऊ पाठवायला.

त्या तुरुंगात आणखी एक गोधडी झाली, आणि मला सगळ्यांत आवडते ती हीच. एलिझाबेथ एनिस ही तरुण नर्स. सिंगापूर पडण्याच्या अवघे काही दिवस आधी तिचं लग्न झालं, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या एका डॉक्टर कॅप्टनशी, आणि लगेच दोघं दोन कैदांत. तुरुंगात तिनं मुलींचं गर्ल गाइडचं पथक सुरू केलं. आठ ते सोळा वर्षांच्या वीसेक मुली, आठवड्यातून एकदा आवाराच्या एका कोपऱ्यात जमायच्या. बाईंचा वाढदिवस येतोय म्हटल्यावर काहीतरी द्यायला हवं, असं पोरींनी ठरवलं. देणार काय? मग जुन्या फ्रॉकच्या, चिंध्यांच्या षटकोनी कापट्या काढल्या. विरलेल्या कपड्यांचे दोरे उसवून तेच शिवायला वापरले. मध्ये एक षटकोन आणि भोवती सहा, असं फूल. अशी फुलंच फुलं. आणि त्यांत मुलींनी आपली नावं भरली. हे सगळं बाईंपासून लपवून आणि पहारेकऱ्यांपासूनही लपवून.

षटकोनच का? इंजिनिअरला हा प्रश्न पडणारच. तुकडे लहान असतील तर चौकोनापेक्षा षटकोन सोयीचा, थोडक्या कापडात बसतो, आणि एकमेकांना जोडताना मध्ये फट राहत नाही. मधमाश्यांना हे कळलेलं आहे. दहा वर्षांच्या मुलींनाही कळलं असावं. एनिसबाईंनी ती गोधडी जन्मभर जपली. आता ती लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे.

आता आईची गोधडी. आधीच सांगतो, चांगीच्या कैद्यांशी माझी तुलना करणं आगाऊपणाचं होईल. माझ्या घरात एसी होता आणि फ्रिज भरलेला होता. 2021 च्या एप्रिलअखेरीस सिंगापूरनं भारतातून येणाऱ्यांना दार बंद केलं. बायकोला सातवा महिना. आईचं बाळंतपणाला येणं रद्द झालं, आमचं तिकडे जाणं तर आधीच रद्द झालेलं. रोज व्हिडिओवर बोलणं व्हायचं. आई दिसायची, बाबा मात्र बरेच दिवस "झोपलेत", "अंघोळीला गेलेत", "गच्चीवर आहेत". मी इतका शिकलेला माणूस, पण मला काही शंका आली नाही.

मुलगी झाली. ती पाच आठवड्यांची असताना सांगलीहून पार्सल आलं. डिंकाचे लाडू (निम्मे फुटलेले), बाळंतशोपा आणि गोधडी. आई शिवते तशीच, बाहेरून आत येत जाणारे टाके. मी जमिनीवर पसरून एकेक तुकडा ओळखत बसलो. आजीचं हिरवं लुगडं, आईची लाल सुती साडी, माझा कॉलेजातला टी-शर्ट, ताईची ओढणी. आणि मधोमध निळ्या चौकटीचा शर्ट. बाबांचा. जुना नव्हे, आदल्या वर्षीच्या दिवाळीतला, चांगला. आमच्या घरात चांगल्या कपड्याला कात्री कोणी लावत नाही. माणूस गेल्यावरच लावतात.

हात गार पडले. फोन लावला. "आई, बाबांचा निळा शर्ट का कापलास?"

"सैल झाला होता रे," आई म्हणाली.

"सैल? वर्षात?"

ती काही बोलेना. मग फोन बाबांनी घेतला. आवाज खोल गेलेला. "अठरा दिवस होतो दवाखान्यात. ऑक्सिजन लावला होता. चौदा किलो उतरलो. तुला सांगून तू काय करणार होतास? विमानं बंद."

मी आईला नंतर विचारलं, तू तो तुकडा मुद्दाम मधोमध लावलास का? ती म्हणाली, "छे, तेवढंच कापड मोठं होतं." यावर विश्वास ठेवावा की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही. तोंडानं सांगायचं नाही असं बाबांनी बजावलं होतं, आणि आईनं बाबांचा शब्द मोडला नाही एवढं खरं. त्यानंतर मी चांगीच्या गोधड्यांबद्दल मिळेल ते वाचत सुटलो.

बाबा आता ठणठणीत आहेत. वजनही परत आलं आहे, आणि शर्ट गेल्याबद्दल अधूनमधून कुरकुरतात. पार्सलमध्ये वहीच्या कागदावर आईची चिठ्ठी होती: गोधडी मशीनमध्ये टाकू नये, लाल साडीचा रंग जातो. मी ती चिठ्ठी वाचली, जपून ठेवली, आणि तिसऱ्या आठवड्यात रात्री दोन वाजता, लेकीनं नको ते केल्यावर, गोधडी मशीनमध्ये टाकली. सगळी गुलाबी झाली आहे. व्हिडिओवर तेवढं कळत नाही. आईला अजून सांगितलेलं नाही.