गोल गोळीची फिरकी: एअरसॉफ्ट रायफलीच्या नेमाचा पूर्वेतिहास

एअरसॉफ्ट रायफल म्हणजे खऱ्या रायफलीसारखी दिसणारी, पण दाबलेल्या हवेच्या किंवा वायूच्या जोरावर 6 मिलिमीटर व्यासाची प्लास्टिकची गोळी फेकणारी खेळातली बंदूक. तिचे रूप विसाव्या शतकातील लष्करी रायफलीचे असले, तरी तिच्या नळीला आतून आटे नसतात आणि तिची गोळी वाटोळी असते. त्यामुळे नेमाच्या दृष्टीने पाहता ती अठराव्या शतकातील मस्केट या गुळगुळीत नळीच्या बंदुकीच्या कुळात मोडते. अशा बंदुकीचा नेम का चुकतो, या प्रश्नाची पहिली शास्त्रीय चर्चाही त्याच शतकात झालेली आहे.

मस्केटची गोळी नळीपेक्षा मुद्दामच लहान ठेवीत. ब्रिटिश पायदळाच्या ‘ब्राउन बेस’ची नळी सुमारे 19 मिलिमीटरची असे आणि गोळी साडेसतराच्या आसपास, म्हणजे दारूच्या काजळीने नळी बरबटली तरी ती ठासता यावी. या फटीमुळे गोळी नळीच्या बाजूंवर आपटत बाहेर पडे आणि अखेरच्या घासण्याने तिला मिळणारी फिरकी दर बाराला निराळी असे. फिरकीचे हे कारण नेमकेपणाने मांडले ते इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स यांनी. गोळी जड लंबकावर झाडायची आणि तो किती झुलतो यावरून तिचा वेग काढायचा, ही पद्धत त्यांनी 1742 च्या ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’ या ग्रंथात दिली होती. पुढे त्यांनी एका मस्केटची नळी टोकाशी किंचित डावीकडे वाकवली आणि समोर पातळ कागदाचे पडदे एकामागे एक टांगून गोळीचा मार्ग तपासला. गोळी आधी डावीकडे गेली आणि मग उजवीकडे वळली, कारण वाकलेल्या नळीच्या उजव्या बाजूला घासल्याने तिला त्या दिशेची फिरकी मिळाली होती. या ग्रंथाचा 1745 मध्ये सटीप जर्मन अनुवाद करणाऱ्या ऑयलरसारख्या गणितीलाही फिरकीचे म्हणणे पटले नव्हते. गोळीची ओबडधोबड घडणच दोषी, असे त्यांचे मत होते. रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचे अभियंता म्हणून किल्ल्यांच्या डागडुजीसाठी कोरोमंडल किनाऱ्यावर आले आणि 1751 मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारले. बर्लिनच्या हाइनरिख माग्नुस यांनी 1852 मध्ये फिरकीमुळे गोळी वळण्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि हा परिणाम त्यांच्याच नावाने रूढ झाला. रॉबिन्स यांच्यावर हा थोडा अन्यायच म्हणावा लागेल.

लष्करापुरता नेमाचा हा प्रश्न आटे पाडलेली नळी आणि लांबट गोळी यांनी एकोणिसाव्या शतकात निकालात काढला. फिरकी कामाला लावण्याचा विचार मात्र बंदुकीबाहेर झाला: एडिनबरोचे प्राध्यापक पी. जी. टेट यांनी 1890 च्या दशकात दाखवून दिले की गोल्फच्या चेंडूला उलटी फिरकी मिळाली, म्हणजे त्याचा वरचा भाग मागे आणि खालचा पुढे फिरू लागला, तर हवा त्याला उचलून धरते आणि तो अधिक दूर जातो.

बंदुकीत ही उलटी फिरकी आली ती खेळण्यांच्या वाटेने. जपानमध्ये 1971 आणि 1977 मधील कायद्यातील बदलांनी धातूच्या नकली बंदुकांवर कडक बंधने आणली आणि प्लास्टिकची गोळी फेकणारी खेळणी पुढे आली. तोक्यो मारुई या कंपनीने 1991 मध्ये फामास या फ्रेंच रायफलीच्या रूपात बॅटरीवर चालणारी पहिली बंदूक बाजारात आणली. वेग वाढवून पल्ला वाढवण्याचा सोपा मार्ग 2006 च्या दुरुस्तीने तिथे बंद झाला: 6 मिलिमीटरच्या गोळीची ऊर्जा जेमतेम 0.98 जूलपर्यंत मर्यादित झाली, म्हणजे 0.20 ग्रॅमच्या गोळीला सेकंदाला सुमारे 99 मीटर. एवढ्या वेगात पल्ला मिळतो तो ‘हॉप-अप’मुळे. नळीच्या मागच्या टोकाशी बसवलेल्या रबरी बाहीचा एक उंचवटा वरच्या बाजूने आत डोकावतो. गोळीचा माथा त्याला घासतो आणि तिला उलटी फिरकी मिळते.

बिघाड शोधताना म्हणूनच गोळी कुठे जाते हे आधी पाहावे लागते. ती सतत एकाच बाजूला वळत असेल, तर फिरकीचा आस आडवा न राहता कललेला आहे, आणि याचे कारण बहुधा रबरी बाही नळीवर पिळली जाऊन बसणे किंवा तिला वरून दाबणारा तुकडा तिरका असणे, हेच निघते. गोळ्या वर-खाली विखुरत असतील, तर वेग दर बाराला बदलत असण्याचा संशय घ्यावा. रॉबिन्स यांच्या लंबकाची जागा आता वेगमापकाने घेतली आहे. त्यावरचे आकडे मागेपुढे होत असतील, तर दट्ट्याभोवतीची रबरी कडी किंवा हवा आणणारी तोटी आणि बाही यांमधला सांधा गळतो आहे. सगळेच बेभरवशाचे असेल, तर तेल कारणीभूत असू शकते: वंगणाचा ओघळ बाहीपर्यंत पोचला की रबर बुळबुळीत होते, घर्षण कमी होते आणि फिरकी कधी मिळते, कधी मिळत नाही. स्पिरिटमध्ये भिजवलेली चिंधी नळीतून फिरवून आणि बाही पुसून कोरडी केल्यावर असल्या कितीतरी बंदुका कोणताही सुटा भाग न बदलता सुधारतात.

हौशी मंडळींचा पहिला खर्च मात्र पुष्कळदा अरुंद नळीवर होतो. मारुईच्या बंदुकांची मूळ नळी साधारण 6.08 मिलिमीटरची असते, बाजारात 6.03 आणि 6.01 च्याही मिळतात, आणि चांगली गोळी 5.95 च्या आसपास असते. फट कमी तर नेम पक्का, हा समज मस्केटच्या काळात खराच होता. पण जिथे गोळीची फिरकी बाहीच ठरवते, तिथे पिळलेली बाही तशीच ठेवून महागडी नळी बसवली तर गोळी पूर्वीइतकीच वळत राहते, आणि अरुंद नळीत धूळ किंवा खराब गोळी अडकण्याची धास्ती तेवढी वाढते.