यकृताचा कर्करोग व प्रतिकारशक्ती

यकृतपेशींत उद्भवणारा प्रमुख कर्करोग, म्हणजे हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, शरीराच्या प्रतिकारशक्तीला ज्या मार्गांनी चुकवतो ते मार्ग. हिपॅटायटिस बी व सी, मद्यपान आणि मेदयुक्त यकृत ही या रोगाची मुख्य कारणे.

या चकव्याचे मूळ गाठीपेक्षा आधी यकृताच्या स्वभावात शोधावे लागते. यकृतात येणारे सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येते आणि त्यात अन्नाचे घटक व जंतूंचे अवशेष सतत असतात. त्या प्रत्येकावर हल्ला झाला तर यकृत कायमचे सुजलेले राहील. म्हणून तेथील कुप्फर नावाच्या भक्षक पेशी व रक्तवाहिन्यांचे अस्तर प्रतिकारपेशींना आवरून धरतात. केंब्रिजच्या शल्यविशारदांनी १९६९ मध्ये दाखवले, की एका डुकराचे यकृत दुसऱ्यात बसवल्यास ते प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांविनाही अनेकदा टिकते. कर्करोगाला ही सहनशीलता आयती मिळते.

दीर्घकाळ चाललेल्या दाहाने टी पेशी, म्हणजे रोगट पेशींवर मारा करणाऱ्या प्रतिकारपेशी, थकतात. त्यांच्या पृष्ठभागावर पीडी-१ हे प्रथिन वाढते. गाठीतील पेशींवरचे पीडी-एल१ त्याला जुळले, की टी पेशीचा मारा थंडावतो. गाठीभोवती नियामक टी पेशी व मवाळ झालेल्या भक्षक पेशी जमतात आणि टीजीएफ-बीटा, आयएल-१० ही शामक द्रव्ये सोडतात. काही कर्कपेशी ‘मायका’ हे धोकासूचक प्रथिन पृष्ठभागावरून झटकून टाकतात, त्यामुळे एनके या मारक प्रतिकारपेशींना त्या ओळखू येत नाहीत. बीटा-कॅटेनिनच्या जनुकात बदल झालेल्या गाठींत प्रतिकारपेशींना बोलावणारे संदेशच कमी सुटतात. अशा गाठींत टी पेशी फारशा शिरत नाहीत.

नव्या रक्तवाहिन्या वाढवणारे व्हीईजीएफ हे द्रव्यही प्रतिकारशक्ती दाबते. म्हणूनच पीडी-एल१ रोखणारे अ‍ॅटेझोलिझुमॅब आणि व्हीईजीएफ रोखणारे बेव्हासिझुमॅब एकत्र देण्याचा विचार पुढे आला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही जोडी, तोवर रूढ असलेल्या सोराफेनिब या औषधापेक्षा सरस ठरली. तरीही बहुसंख्य रुग्णांत गाठ लक्षणीय आकसत नाही. मेदयुक्त यकृतातून उद्भवलेल्या कर्करोगात तर काही टी पेशी स्वतःच यकृताची हानी करतात, असे उंदरांवरील प्रयोगांत आढळले आहे. भारतात मधुमेह व स्थूलता वाढत असताना हा प्रश्न अधिक अभ्यासाला घ्यायला हवा. हिपॅटायटिस बीपासून होणारा कर्करोग मात्र लसीने टाळता येतो. तैवानमध्ये १९८४ पासून नवजात बालकांना ही लस दिली जाऊ लागली, आणि पुढे तेथील मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण स्पष्टपणे घटले.