कन्सोल, व्हिडिओ गेम : बिघाड व तक्रारी

टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांत पिढ्यान्‌पिढ्या आढळणारे दोष, त्यांची कारणे आणि खेळणाऱ्यांनी त्यांवर काढलेले उपाय यांची ही नोंद. चिपच्या ताकदीवरून कन्सोलच्या पिढ्या मोजण्याची पद्धत जगभर रूढ आहे. वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघेसारख्या गावात मात्र पिढी ओळखायची खूण वेगळी: कॅसेट लागत नाही, सीडी उचलत नाही, मशीन तापून बंद पडते, डाऊनलोड संपत नाही. यांतल्या बऱ्याच तक्रारी सगळीकडे सारख्या आहेत. पण इथली मुले ज्यांनी खरी वैतागली त्यांच्या मुळाशी गेले, तर बहुधा एकच कारण सापडते. यंत्र बनले ते वेगळ्या विजेच्या, वेगळ्या टीव्हीच्या आणि वेगळ्या हवेच्या घरासाठी. ‘पोरांनी खेळून खेळून बिघडवले’ हा घरोघरचा निवाडा त्यामुळे बऱ्याचदा अन्यायाचा होता.

जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी निन्टेन्डोचा फॅमिकॉम बाजारात आला. भारतात निन्टेन्डोचे यंत्र ‘समुराई’ या नावाने विकले गेले. पण महाराष्ट्राच्या लहान गावांत पोचल्या त्या मुख्यतः फॅमिकॉमच्या नकला. ‘लिटल मास्टर’, पुढे मुंबईच्या मिताशीचे ‘गेम-इन’, आणि डब्यावर काहीही नाव छापलेली असंख्य यंत्रे. लोकांच्या तोंडी सगळी ‘व्हिडिओ गेम’च, त्यात खोचायची ती कॅसेट आणि हातात धरायचा तो, वायर असूनही, रिमोट. सेगाची यंत्रे शॉ वॉलेसने १९९० च्या दशकात भारतात आणली, पण ती बहुतांशी मोठ्या शहरांतच राहिली.

या पिढीची पहिली तक्रार कॅसेट न लागण्याची. पडद्यावर रंगीत चौकोन थिजले, की कॅसेट उपसायची, खालच्या पट्टीवर फुंकर मारायची आणि पुन्हा दाबून बसवायची. गुण यायचा तो फुंकरीचा नव्हता. काढ-घाल करताना फॅमिकॉम घराण्याच्या कॅसेटचे साठ संपर्क नव्याने जुळत, एवढेच. श्वासातल्या ओलीने ते उलट काळवंडत, आणि निन्टेन्डोनेही फुंकू नका असे बजावले होते. पेन्सिलीचे खोडरबर हलकेच फिरवून स्पिरिटच्या बोळ्याने पुसणे हा त्याहून कितीतरी बरा उपाय. अमेरिकेत १९८५ पासून विकल्या गेलेल्या रूपात तर कॅसेट आडवी सारून खाली दाबावी लागे. तिथले बहात्तर संपर्क वापराने सैल पडत आणि कॅसेट अस्सल आहे का हे तपासणारी चिप दर सेकंदाला यंत्र पुन्हा सुरू करी. पुढचा लाल दिवा तेवढा मिचमिचत राही.

दुसरी तक्रार चित्राची. यंत्र टीव्हीला जोडले जाई अँटेनाच्या तारेने, आणि मग डबा टीव्हीच्या चॅनेलची बारीक चकती फिरवत बसायचे. भारतातला टीव्ही पाल पद्धतीचा, तर जपान-अमेरिकेतली यंत्रे एनटीएससी पद्धतीची. परदेशातल्या काका-मामांनी हौसेने आणलेले यंत्र इथे जोडले, की चित्र काळे-पांढरे दिसे किंवा खालून वर सरकत राही. कधी चित्र नीट, पण आवाजाची नुसती खरखर. कारण आपल्याकडे आवाजाची लहर चित्राच्या लहरीपासून ५.५ मेगाहर्ट्‌झवर शोधली जाते आणि त्यांच्याकडे ४.५ वर. त्यातून एखाद्या घाईच्या हाताने ते २३० व्होल्टच्या बोर्डात खुपसले, तर शंभर किंवा एकशेवीस व्होल्टवर चालणारा त्याचा अ‍ॅडॉप्टर तिथेच जळे. ‘९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटमध्ये मोजके गेम वेगवेगळ्या क्रमांकांनी पुन्हा पुन्हा येत, ही फसवणूक मुलांना दुसऱ्याच दिवशी कळे. ‘डक हंट’ची बंदूक मात्र चांगली चाले, ती डबा टीव्ही होता तोवर. तिची नेमबाजी जुन्या काचेच्या पडद्यावर प्रकाशाची रेघ कधी उमटते यावर बेतलेली होती. सपाट टीव्ही आला आणि चांगली बंदूक निकामी झाली.

लाईट जाणे ही कुठल्या एका पिढीची तक्रार नव्हे, आणि कन्सोलच्या परदेशी इतिहासांत तिला जागाही मिळत नाही. महाराष्ट्राच्या नोंदीत ती ठळकपणे यायलाच हवी. नकली यंत्रांतल्या बहुतेक गेमना खेळ राखून ठेवायची सोयच नव्हती. ‘कॉन्ट्रा’च्या शेवटच्या टप्प्यावर लाईट गेली की आरंभापासून सुरुवात. मेमरी कार्ड आल्यावर त्रास अधिक वाईट झाला, कारण नोंद लिहिली जात असतानाच वीज गेली तर जुनी नोंदही बिघडे. २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्यात विजेची मोठी तूट होती. ग्रामीण भागात भारनियमन तासन्‌तास चाले, आणि खेळायची वेळ त्याच्या वेळापत्रकाला बांधलेली असे. इन्व्हर्टर आला तरी प्रश्न पुरता सुटला नाही. साधा घरगुती इन्व्हर्टर बॅटरीवर जायला जो निमिष घेतो, तेवढ्यात पंखा थांबत नाही, पण कन्सोल बंद होऊन पुन्हा सुरू होऊ शकतो. इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ची कळ असेल तर ती लावावी, हा सल्ला इथल्या खेळणाऱ्याला यंत्राच्या माहितीपुस्तिकेपेक्षा जास्त उपयोगी.

तबकडीच्या पिढीचा भार एका लेन्सवर होता. सोनीचे पहिले प्लेस्टेशन ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये आले. त्याच्या सुरुवातीच्या नगांत लेन्सची प्लॅस्टिकची सरकपट्टी उष्णतेने आणि घर्षणाने झिजे, म्हणून लोक यंत्र उलटे ठेवून खेळत. प्लेस्टेशन २ ने (२०००) ‘डिस्क रीड एरर’ हे शब्द जगभर घरोघरी पोचवले. आपल्याकडे तबकडी अस्सल आहे का ही तपासणी चुकवणारी चिप बसवलेली यंत्रे आणि घरी लिहिलेल्या तबकड्या सर्रास चालत. अशी तबकडी छापील तबकडीहून कमी प्रकाश परतवते, त्यामुळे लेन्सला वाचायला जड जाई. त्यात विदर्भाच्या उन्हाळ्यातली धूळ. दुकानदार लेन्सशेजारचा बारीक स्क्रू फिरवून लेझरची ताकद वाढवून देई. त्याने यंत्र काही काळ चाले आणि लेन्सचे आयुष्य मात्र घटे.

उष्णतेचा प्रश्न या सगळ्यांत गंभीर. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० अमेरिकेत नोव्हेंबर २००५ मध्ये आणि भारतात सप्टेंबर २००६ मध्ये आला. इथल्या जाहिरातींत अक्षयकुमार आणि युवराजसिंग होते. लवकरच समोरच्या कळीभोवती तीन लाल दिवे पेटून यंत्र मरू लागले. मशीन तापले की चिपखालचे सोल्डरचे कण प्रसरण पावत, बंद केले की आकुंचत, आणि या रोजच्या ताणाने जोड तडकत. जुलै २००७ मध्ये कंपनीने या दोषासाठी हमी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम हिशेबात धरली. प्लेस्टेशन ३ चा पिवळा दिवा हा याच काळातला, तसाच धसका देणारा.

आता हे वर्ध्याच्या मे महिन्यात ठेवून पाहावे. प्लेस्टेशन ४ आणि ५ यांच्या माहितीपत्रकात वापरासाठी ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान दिलेले आहे. इथे दुपारी पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीत रात्रीही उकाडा राहतो. म्हणजे उन्हाळ्यात यंत्र बऱ्याचदा स्वतःच्याच मर्यादेबाहेर चालते. कूलर लावावा तर त्याच्या झोतात ओल आणि धूळ दोन्ही; आणि लाईट गेली की कूलर आधी थांबतो, इन्व्हर्टरवरचा कन्सोल मात्र तापत राहतो. टीव्हीच्या कपाटातला बंद खण ही त्याची सर्वांत वाईट जागा. उघड्या टेबलावर, भिंतीपासून वीतभर पुढे, कूलरच्या थेट माऱ्याबाहेर ठेवणे आणि पावसाळ्याआधी आतली धूळ काढून थर्मल पेस्ट बदलणे, एवढ्याने पुष्कळ यंत्रे वाचतात. मेलेला एक्सबॉक्स टॉवेलात गुंडाळून तापवायचा, म्हणजे जोड पुन्हा बसतात, हा परदेशातून आलेला उपाय धोक्याचा आहे, तो करू नये. हीट गनने केलेली दुरुस्तीही बहुधा थोड्या दिवसांची असते.

उशीर आणि टंचाई या बाजारातल्या तक्रारी. प्लेस्टेशन ५ जगात नोव्हेंबर २०२० मध्ये आले, भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला, ४९,९९० रुपयांना. आगाऊ नोंदणी काही मिनिटांत संपली. निन्टेन्डोचे स्विच (२०१७) भारतात अधिकृतपणे आलेच नाही. ते घेणाऱ्याला हमी मिळते ती दुकानदाराच्या शब्दाची.

नव्या गेमची तबकडी घेतली तरी नेट लागते. शंभर जीबीचा गेम १० एमबीपीएसच्या जोडणीवर उतरवायला, वेग एकदाही पडला नाही तर, बावीस तासांहून जास्त लागतात. खात्यांचा भरवसाही तसाच. एप्रिल २०११ मध्ये सोनीच्या जाळ्यात घुसखोरी होऊन सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली आणि सेवा तीन आठवड्यांहून अधिक बंद राहिली. त्याआधी १ मार्च २०१० ला जुन्या प्लेस्टेशन ३ यंत्रांतल्या घड्याळाने २०१० हे लीप वर्ष धरले, आणि दिवसभर ती यंत्रे जाळ्याला जोडली जाईनात. मार्च २०२३ मध्ये निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू या आपल्या जुन्या यंत्रांच्या ऑनलाइन दुकानात नवी खरेदी बंद केली.

सध्याची सर्वांत सार्वत्रिक तक्रार स्टिक आपोआप सरकण्याची. हात लावला नाही तरी खेळाडू एका बाजूला चालत सुटतो. बहुतेक स्टिकच्या आत कार्बनची पट्टी असते, तिच्यावर धातूचा स्पर्शक घासतो, पट्टी झिजते आणि भुकटी साचते. स्विचच्या जॉय-कॉन या कंट्रोलरवरून झालेल्या त्रासाबद्दल निन्टेन्डोच्या अध्यक्षांनी २०२० मध्ये माफी मागितली. चुंबकाच्या साहाय्याने, न घासता चालणारी स्टिक सेगाने १९९८ च्या ड्रीमकास्टमध्येच वापरली होती. ती सगळ्यांनी तेव्हाच उचलायला हवी होती. अशा सुट्या स्टिक आता बाजारात मिळतात. बदलताना जुन्या भागाचे चौदा सोल्डर-बिंदू एकेक करून सोडवावे लागतात, आणि बोर्डावरची तांब्याची कडी उखडणार नाही इतक्या बेताने तापवणारा कारागीर पाहूनच कंट्रोलर हातात द्यावा.